गच्चीवरचं पेंट शॉप

आमच्या घरात बाटली लपवून ठेवावी लागते. इतरांकडे लपवतात ती वेगळी, आमच्याकडे खोबरेल तेलाची. माझा नवरा चाकणजवळ गाड्यांच्या एका कंपनीत पेंट शॉपचा सुपरवायझर आहे. पेंट शॉप म्हणजे गाडीच्या नुसत्या सांगाड्याला जिथे रंग चढतो तो विभाग. तिथे आत जाणाऱ्याने डोक्याला तेल लावायचं नाही, अंगाला क्रीम फासायची नाही, काखेत सेंट मारायचा नाही. त्यातला एखादा कण ओल्या रंगावर जाऊन बसला तर तिथला रंग बाजूला सरतो आणि मोहरीएवढा खड्डा पडतो. ते लोक त्याला क्रेटर म्हणतात. मी शाळेत भूगोल शिकवते. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा हा माणूस तासभर क्रेटरबद्दल बोलला. याला चंद्राची आवड आहे असं वाटून मी मनातल्या मनात सुखावले होते.

कंपनीचे नियम कंपनीच्या गेटवर ठेवून घरी यावं, असं बाकीच्या बायकांच्या नवऱ्यांना जमतं. आमच्याकडे डोसा वाढला तरी तो आधी उजेडाकडे धरून बघितला जातो, जाडी सगळीकडे सारखी आहे का म्हणून. मग खाल्ला जातो. चव कशी झाली हे विचारायची सोय नाही, कारण तो विभाग त्याच्याकडे येत नाही.

काळेवाडीतल्या भाड्याच्या जागेतून आम्ही ताथवड्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, ते या फ्लॅटला टेरेस आहे म्हणून. बिल्डरच्या रंगीत पुस्तकात त्या टेरेसवर लाकडी फळ्यांची जमीन होती, वेताची खुर्ची होती आणि एक गोरी बाई कॉफीचा मग धरून हिरव्या डोंगराकडे बघत होती. ताबा मिळाला तेव्हा लाकूड, खुर्ची, बाई आणि डोंगर सोडून बाकी सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे टेरेस होती आणि समोर कॉलेजच्या होस्टेलच्या गॅलरीत मुलांच्या चड्ड्या वाळत होत्या. नवऱ्याने मात्र लाकडी जमिनीचा ध्यास घेतला. त्याला सगळे डेक म्हणतात. डेक म्हटलं की समुद्र जवळ असल्यासारखं वाटतं, आम्हाला जवळात जवळचं पाणी टँकरचं.

लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न आमच्या भागात कुणाला पडत नाही. चाकणच्या कंपन्यांत परदेशातून मशिनं येतात ती पाइनच्या भल्यामोठ्या खोक्यांत बसून. मशीन कंपनीत जातं, खोकं भंगारवाल्याकडे जातं, आणि तिथून ते आमच्यासारख्यांच्या घरी दिवाण, शोकेस, देव्हारा होऊन येतं. आमच्या डेकचं लाकूड असंच कुठल्यातरी प्रेस मशीनभोवती गुंडाळून समुद्र ओलांडून आलेलं. एका फळीवर काळ्या शाईत छत्रीचं चित्र छापलेलं होतं. याला पावसापासून जपा, असा त्याचा अर्थ. ती फळी आम्ही मावळाच्या तोंडाशी, उघड्या टेरेसवर, आभाळाकडे चित्र करून ठोकली.

डेक झाला आणि सासूबाई आल्या. त्या चाकणजवळच्या गावच्या. शेत कंपन्यांत गेलं, घर धाकट्या दिराकडे राहिलं. दिराने अंगणात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या काढल्या, आणि अंगणाचा जो काही उरलासुरला पट्टा होता त्यात भाडेकरूंच्या मोटरसायकली उभ्या राहायला लागल्या. त्या मोटरसायकलींमधून वाट काढताना सासूबाई एकदा पडल्या आणि गुडघे कामातून गेले. तेव्हा नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. त्यांनी सगळा फ्लॅट फिरून बघितला, किचन ओट्याला हात लावला, कमोडकडे संशयाने पाहिलं, आणि म्हणाल्या, "लादी लई गार हाय. माझं पाय वळत्यात हिच्यावर." मग टेरेसवर गेल्या. लाकडावर भिंतीला पाठ लावून बसल्या, पाय सरळ पसरले आणि तिथूनच लेकाला म्हणाल्या, "हितं बरं हाय. हितं बसाया मिळंल तवर ऱ्हाईन. न्हाईतर मला धाकट्याकडं नेऊन सोड."

त्या गंमत करत नव्हत्या हे मला कळलं, आणि नवऱ्याला माझ्याआधी कळलं. त्यांची ती जागा ठरून गेली. सकाळची कामं आटोपली की त्या भिंतीजवळच्या फळीवर बसायच्या, पदराआडून एक बाटली काढायच्या आणि गुडघे चोळायला लागायच्या. तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा करपेपर्यंत कढवलेलं ते तेल. वास असा, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा मला लिफ्टमध्ये हळूच विचारलं, तुमच्याकडे रोज कसली फोडणी असते. पेंट शॉपच्या सुपरवायझरची आई त्याच्याच घरात रोज वाटीभर तेल अंगाला फासत होती, त्यातलं अर्धं फळीवर सांडत होती, आणि सुपरवायझर मूग गिळून बाजूने जात होता. मी वेणीला बोटभर खोबरेल लावलं तर मात्र मला प्रदूषणावर व्याख्यान मिळायचं.

दोन पावसाळे गेले. ऊन, वारा, पाऊस यांनी खडक झिजतो, फुटतो, त्याला विदारण म्हणतात. सातवीला हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय, की तो प्रत्यक्ष माझ्या घरात सुरू होता तरी माझं लक्ष गेलं नाही. फळ्या राखाडी पडल्या, कडा उकलल्या, खिळ्यांभोवती काळी वर्तुळं आली. छत्रीचं चित्र पुसून गेलं, ते एक बरं झालं, तेवढीच लाज राहिली. आणि एका सकाळी टेरेसच्या दारातून आपल्या फळीकडे जाताना सासूबाईंच्या टाचेत लाकडाचं कुसळ गेलं. त्यांनी साडीची सेफ्टी पिन काढली, कुसळ उपसलं, फळीकडे एकदा बघितलं आणि बसल्या. त्यांच्यासाठी विषय संपला.

नवऱ्यासाठी तिथे सुरू झाला. त्याने हाताने दाबून एकेक फळी तपासली आणि संध्याकाळी मला म्हणाला, "अजून एक पावसाळा हे टिकत नाही. कुजलं की काढावं लागेल. काढलं की आई जाईल."

"मग सुताराला बोलाव," मी म्हणाले.

"सुताराला?" तो म्हणाला. ज्या माणसाच्या हाताखालून रोज शेकडो गाड्या आरशासारख्या होऊन बाहेर पडतात त्याला मी सुतार सुचवला, हे त्याला झोंबलं.

मे महिन्यात कंपनीचा शटडाउन असतो. लाइन बंद, मशिनांची दुरुस्ती, माणसांना सुट्टी. आमच्या पट्ट्यात लग्नं, बारशी, घराचं रंगकाम, मूळव्याधीची ऑपरेशनं, सगळं या शटडाउनला लावलेलं असतं. आमच्याकडे त्या वर्षी डेक लावला गेला. सामान आणायला काळेवाडीतल्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठली, साहेब?"

"गाडी नाही. टेरेसवरचं लाकूड आहे. क्लिअर कोट द्या, हार्डनरवाला."

क्लिअर कोट म्हणजे गाडीच्या रंगावरचा तो काचेसारखा शेवटचा थर. दुकानदार म्हणाला, "लाकडाला वेगळं येतं राव. तेलासारखं असतं, आत मुरवायचं."

तेल. दुकानदाराने दुसरं काहीही म्हटलं असतं तर चाललं असतं. नवऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने क्लिअरचे डबे काढून दिले आणि वर हँडग्लोव्हज फुकट दिले.

पुढच्या दिवसांत आमचा फ्लॅट कंपनीत विलीन झाला. फळ्या मशीनने घासल्या गेल्या, मग कागदाने, मग आणखी बारीक कागदाने. टेरेसला चहूबाजूंनी प्लास्टिक लावलं. धूळ उडू नये म्हणून जिन्यात पाणी मारलं, त्यावरून वॉचमन घसरला. घरात फोडणी बंद, उदबत्ती बंद, पावडर बंद. माझं खोबरेल जप्त झालं आणि भर उन्हाळ्यात उकडलेल्या भाजीवर आणि विस्कटलेल्या केसांवर मी दिवस काढले. सासूबाईंची बाटली चपलांच्या कपाटात बंद झाली. त्या हॉलमधल्या सोफ्यावर बसायच्या, पाय जमिनीला न टेकता लोंबायचे, आणि टीव्हीवर जे काही असेल ते बघायच्या, बातम्या, जाहिराती, भोजपुरी सिनेमा.

फवारणीच्या दिवशी नवऱ्याने कंपनीतला पांढरा सूट चढवला, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. समोरच्या होस्टेलच्या गॅलरीत पोरं गोळा झाली. पुन्हा ती साथ आली की काय असं वाटून एकाने घरी फोनही लावला. भाड्याचा कंप्रेसर धडधडत होता आणि तो एका चालीत, न थांबता, फवाऱ्याची गन या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत होता. मी चिडलेली होते तरी हे मान्य करते, की त्याचा हात बघण्यासारखा आहे. थर पडला तसा राखाडी लाकडाचा रंग आतून वर आला, मधासारखा. मला ते फार आवडलं आणि मी त्याला ते सांगितलंही. शटडाउनच्या काळातलं आमचं ते शेवटचं गोड बोलणं.

कारण वाळल्यावर तो ट्यूबलाइट घेऊन तपासणीला बसला आणि त्याला दोष सापडला. भिंतीजवळच्या फळीवर, मोठ्या ताटाएवढ्या जागेत, क्लिअर धरलाच नव्हता. क्रेटरच क्रेटर. त्याने ती जागा घासली, पुन्हा मारलं. पुन्हा तेच. मग चौकशी बसली. कोण आलं होतं? कशाला हात लावला? माझ्या वेणीचा वास घेण्यात आला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने वेणीचा वास घेतला तर बाईला काहीतरी वाटावं, मला वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गुन्हेगार सापडला नाही. शेवटी जगातला कुठलाही रंगारी करतो तेच त्याने केलं, त्या जागेवर एक बसायचं बुटकं वेताचं मोडं आणून ठेवलं आणि दोष झाकला.

बाकी डेक असा झाला, की सोसायटीतले लोक बघायला आले. चपला बाहेर काढून दारातूनच बघायचे. आत कुणाला जाऊ द्यायचं नाही असा नियम होता, आधी क्युरिंगसाठी, म्हणजे थर पुरता घट्ट होईपर्यंत. ते झाल्यावर ओरखड्यांसाठी. ते झाल्यावर नुसताच नियम. एका संध्याकाळी वर पारदर्शक प्लास्टिकसुद्धा अंथरलं गेलं. आईसाठी लाकूड वाचवायचं, लाकडासाठी क्लिअर मारायचा, क्लिअरसाठी प्लास्टिक घालायचं. प्लास्टिकसाठी काय आणायचं याचा विचार चालू असावा.

जून लागला, शाळा सुरू झाली, तरी सासूबाई रोज सकाळी दारापाशी येऊन विचारायच्या, "वाळलं व्हय?" तो म्हणायचा, "थोडं राहिलंय, आई." मग त्याने तोडगा काढला. दारापाशी प्लास्टिक बाजूला सारून एक खुर्ची, तिच्या पायांना रबरी टोप्या, आणि आईने त्या खुर्चीवर बसायचं, पायात मोजे घालून, तेल न लावता. सासूबाईंनी मोजे हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. मग दारातून एक पाय बाहेर टाकला. अंगठा त्या चकचकीत फळीवर टेकला, जरासा सरकला, आणि त्यांनी चौकट घट्ट धरून पाय आत घेतला. पडलेल्या माणसाला पडण्याची भीती काय असते ते त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मोजे त्यांनी नीट घडी करून लेकाच्या हातात दिले. "आरशावर कोन बसतं व्हय," त्या म्हणाल्या. "मला धाकट्याकडं सोड."

"आई, चार दिवसांनी..."

"तुजं वाळलं की बोलीव."

त्यांनी पिशवी भरली आणि जाताना चपलांचं कपाट उघडून बाटली काढून घेतली. खरं सांगायचं तर सासू गावी जाताना सून म्हणून जे हलकं वाटायला हवं, त्याची मी वाट बघत होते. ते आलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लसणाचा वास नव्हता, आणि शाळेत जाताना "डबा घेतलास का गं पोरी" असं कुणी टेरेसवरून ओरडलं नाही. मी डबा विसरले.

नवरा कंपनीतून आल्यावर टेरेसच्या दारात उभा राहायचा. डेक चमकत असायचा. त्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, मोड्याचं प्रतिबिंब, आणि दारातल्या त्याचं. आईला फोन केला की ती तेवढंच विचारायची, वाळलं का. याला तर खरं म्हणजे "हो" म्हणता आलं असतं, पण मग तिने येऊन बसायचं कुठे, हे सांगावं लागलं असतं.

जुलै आला. आधी कडेच्या फळ्यांवर पांढरट ढग दिसायला लागले. तो म्हणाला, हवेतला दमटपणा आहे, जाईल. मग फोड आले. तो म्हणाला, लोकल आहे, तेवढ्याच जागेपुरतं. मग एका सकाळी मी प्लास्टिक उचललं, तर त्याला चिकटून दुधावरच्या सायीसारखा क्लिअरचा अख्खा पापुद्रा वर आला. खालचं लाकूड ओलं, काळपट. मी तो पापुद्रा चिमटीत धरून त्याला दाखवला. मला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. मे महिन्यापासून मी या दिवसाची वाट बघत होते. पण त्याचा चेहरा बघून मी तो पापुद्रा गुपचूप कचऱ्यात टाकला.

आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते आणि शाळेला रविवारी, त्यामुळे आमचा संसार बराच टिकला आहे. त्या गुरुवारी पावसामुळे शाळाही बंद होती. दुपारी उघडीप झाली तसा तो पट्टी घेऊन टेरेसवर उकिडवा बसला आणि थर खरवडायला लागला. खरवडता खरवडता तो पुटपुटत होता. मी जवळ गेले तेव्हा कळलं, की त्याचं व्हाय-व्हाय चाललंय. कंपनीत कुठलाही दोष निघाला की पाच वेळा "का" विचारायचं असतं. प्रत्येक उत्तराला पुन्हा का. पाचव्या उत्तरात खरं कारण सापडतं म्हणतात. आमच्या सोसायटीतले निम्मे नवरे बायकोशी याच पद्धतीने भांडतात.

"थर का सुटला?" तो स्वतःलाच विचारत होता. "लाकूड फुगलं म्हणून. लाकूड का फुगलं? खालून, फटीतून पाणी शिरलं. आणि वर मी झाकण घातलं होतं, ते बाहेर पडलं नाही. गाडीचा पत्रा हलत नाही. लाकूड हलतं." हे तो असं म्हणाला जसं काही लाकडाने त्याला आधी सांगायला हवं होतं.

सगळ्या फळ्या करून तो भिंतीपाशी आला आणि त्याने मोडं उचललं. खाली ती ताटाएवढी जागा होती. तिच्यावर खरवडायला काहीच नव्हतं. लाकूड तांबूस, घट्ट, गुळगुळीत. सकाळच्या पावसाचे थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे वरच्या वर उभे होते. दोन पावसाळे आणि हा तिसरा, सगळ्या डेकवर तेवढाच तुकडा धडधाकट.

"ही का फुगली नाही?" तो म्हणाला.

"इथे तुझा थर धरलाच नव्हता," मी म्हणाले.

"का धरला नाही?"

त्याने फळीवर बोट घासलं आणि नाकाशी नेलं. मग तो उकिडवा होता तो खाली बसला, ओल्या लाकडावर, नव्या पँटसकट. मला वास घ्यायची गरज नव्हती. लसूण, ओवा, तीळ. ज्या गुन्हेगारासाठी माझी वेणी हुंगली गेली होती तो रोज सकाळी, सगळ्यांच्या देखत, पाय पसरून तिथे बसत होता. आणि टेरेसवरची ही एकच फळी राखली गेली, ती कुणाच्या अकलेने नव्हे. सासूबाईंना गुडघे चोळायचे होते. लाकडाचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं.

चार "का" झाले होते. पाचवा मी विचारला. "आणि हे तेल ज्यांचं आहे, त्या इथे का नाहीत?"

त्याने त्या फळीवरून एकदा हात फिरवला. मग उठला, हात न धुता गाडीची किल्ली घेतली. मीही चप्पल घातली.

तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या मागे कंटेनर होते आणि त्यांच्यामागे आम्ही. वाटेत तो एकदाही कुणाच्या गाडीच्या रंगाबद्दल बोलला नाही, यावरून मी काय ते समजले. दिराच्या घरी पोहोचलो तेव्हा शिफ्ट सुटण्याची वेळ होती. खोल्यांतली माणसं येत होती, मोटरसायकली लावत होती. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, गुडघे छातीशी घेऊन, कारण पाय पसरले तर चाक जाईल. प्रत्येक गाडी आली की त्या आणखी थोड्या आक्रसायच्या. दीर कामावर होता, जाऊ आत कुकर लावत होती, कुणी त्यांना वाईट वागवत होतं असं अजिबात नाही. नुसती जागा नव्हती.

आम्हाला बघून त्यांनी विचारलं, "वाळलं व्हय?"

नवरा दोन मोटरसायकलींच्या मधे उभा राहिला. कंपनीत मोठ्या साहेबांसमोर रिजेक्शनची कारणं घडाघडा सांगणारा माणूस एका मोटरसायकलच्या आरशावरचं पाणी बोटाने पुसायला लागला. "खराब झालं, आई," तो शेवटी म्हणाला. "सगळं निघून आलं."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मंग आता बसता यील की," त्या म्हणाल्या, आणि पिशवी आणायला आत गेल्या.

घरी आलो तेव्हा टेरेसवर अजून उजेड होता. खरवडलेले पापुद्रे वाऱ्याने कोपऱ्यात जमले होते. सगळ्या फळ्या ठिगळं लावल्यासारख्या, कुठे पांढऱ्या, कुठे काळ्या. सासूबाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मला वाटलं, कुसळ बोचेल म्हणून घाबरल्या. पण त्यांनी एका हाताने चौकट धरली, दुसऱ्या हाताने पदराचं टोक घेतलं, आणि एकेक पाय उचलून आधी तळवे पुसले. नीट, टाचेपासून बोटांपर्यंत. मग विचारलं, "जाऊ का?"

ही सवय त्यांना आमच्या घरात लागली होती. गावाकडच्या चिखलातून आयुष्यभर चाललेली बाई लेकाच्या घरात पाय टाकताना तळवे पुसत होती. मला रडू आलं, आणि सासूसाठी रडण्याची मला सवय नसल्यामुळे ते चांगलंच आलं.

नवऱ्याने त्यांच्या हातातून पदर सोडवला. "पुसू नको," तो म्हणाला. त्याने त्यांना धरून त्या फळीपाशी नेलं, भिंतीला टेकवून बसवलं, पाय पसरून दिले. मग पिशवीतून बाटली काढली, बूच उघडलं आणि तेल स्वतःच्या तळहातावर ओतलं. लग्न झाल्यापासून त्या हाताला मी तेल लागलेलं पाहिलं नव्हतं. आमच्या हळदीच्या वेळीसुद्धा त्याने तेल लावून घेतलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी ड्यूटी नसताना. तो त्यांचे गुडघे चोळायला लागला, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता, हात त्याच चालीत जात होता.

"खाली सांडतंय बग," सासूबाई म्हणाल्या.

"सांडू दे. बाकीच्या फळ्यांनाही तेलच लावायचंय आता. दुकानातलं आणतो."

"आन. ह्यातलं देनार न्हाई. हे माज्या गुडघ्याचं हाय."

दुसऱ्या दिवशी त्याची पहिली शिफ्ट होती. सकाळी तो बेसिनपाशी उभा राहून साबणाने हात घासत होता, वास घेऊन बघत होता, पुन्हा घासत होता. कंपनीची बस चुकेल म्हणून मी ओरडले. "वास जात नाहीये," तो म्हणाला, आणि ही तक्रार नव्हती. बाहेर टेरेसवरून सासूबाईंनी विचारलं, डबा घेतलास का गं पोरी.